जिवाचा कान

४ तारीख, मंगळवार

मास्तरीण म्हणाली, "कोणाशी तरी बोल." मी म्हटलं, ऐकायला वेळ कोणाला आहे. तर म्हणाली, "मग लिही. कागद मध्येच जांभई देत नाही." म्हणून लिहायला बसले.

मास्तरीण म्हणजे आमच्या प्रसूती विभागाची मुख्य. चूक दिसली की ती रागावत नाही, नुसतं "पुन्हा" म्हणते, आणि समोरच्याला घाम फुटतो. मी तिच्या हाताखाली शिकले, आता माझेही केस पिकत आलेत, तरी तिच्यापुढे उभी राहिले की मी हात मागे बांधते. माझ्या कामाला कागदावर लांबलचक नाव आहे. मी स्वतःला सुईण म्हणते, ते बरं वाटतं.

गेल्या महिन्यात माझ्या हातात एक बाळ गेलं. ठोके ऐकले तेव्हा अगदी व्यवस्थित होते. कळा वाढल्या, पुन्हा ऐकायला वाकले, तर काहीच नाही. डॉक्टर धावत आले, जे करायचं ते सगळं झालं. नाळेला गाठ बसली होती. कोणाचीच चूक नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि मलाही सांगितलं. बाळ कापडात गुंडाळून आईच्या हातात दिलं तेव्हा तिने विचारलं, "हे गार का आहे?"

मग मी हात धुतले आणि शेजारच्या खोलीत गेले, कारण तिथे दुसरीची वेळ भरली होती. तिला मुलगा झाला. मी म्हटलं, "अभिनंदन, मुलगा आहे हं." माझ्या आवाजात जराही फरक पडला नव्हता. तेव्हापासून मला त्या आवाजाची भीती वाटते. तो कुठून आला ते मला माहीत नाही.

६ तारीख, गुरुवार

आज तीन बाळंतपणं, तिन्ही सुखरूप. तिन्ही वेळा माझे हातपाय गार पडले. बाया माझा हात आवळून धरतात आणि मी "छान चाललंय, अगदी छान" म्हणत राहते. आतून वाटत असतं, हिला कळलं तर, की हिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेय.

घरी आले तर धाकटी जाऊ जिन्यावर वाट बघत बसलेली. तिला आठवा संपत आलाय. भाऊजी दूर पुलाच्या कामावर, ती वरच्या मजल्यावर एकटी, म्हणून दिवसभर खाली आमच्यातच असते. पहिल्या वेळी चौथ्या महिन्यातच पडून गेलं होतं. यावेळी तिने पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावलाय, की बाळंतपण तुम्हीच करायचं.

"अगं, तिथे डॉक्टर आहेत."

"डॉक्टर असू देत की. पण ताई, मला तुमचाच चेहरा दिसायला हवा."

सासूबाई म्हणाल्या, "घरची सुईण असताना बाहेर कशाला बघायचं." त्यांना एरवी चार वेळा सांगितल्याशिवाय ऐकू येत नाही, हे बरोबर ऐकू आलं. मी हसले. ही कोणी परकी नाही, एका ताटात जेवलेलं, भांडलेलं माझं माणूस आहे. तिचं बाळ माझ्या हातून गेलं तर मी या घरात कोणत्या तोंडाने राहणार?

९ तारीख, रविवार

एक उपाय सापडला. संध्याकाळी कामावरून आले की धाकटीला पलंगावर आडवं करायचं आणि लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे. वॉर्डात हल्ली मशीन असतं, पण मास्तरणीने आम्हाला नळीवर शिकवलं. एक टोक पोटावर, दुसरं आपल्या कानाला, आणि जिवाचा कान करून ऐकायचं. ऐकताना आईचं मनगटही धरायचं, म्हणजे तिचीच नाडी बाळाची समजून फसायला होत नाही.

ठोके छान होते. जीव भांड्यात पडला. धाकटीही खूश. तासाभरात मला पुन्हा धडधडायला लागलं, पण तेवढा तास तरी शांत गेला.

१२ तारीख, बुधवार

आता रोज ऐकते. काल दोनदा ऐकलं. धाकटी आधी नुसती कौतुकाने आडवी व्हायची. आता सकाळी मी निघाले की तीच म्हणते, "ताई, एकदा बघून जाता का? नाहीतर दिवसभर चैन पडत नाही." तिलाही सवय लागली. बरंच आहे, काळजी घेतलेली वाईट नाही.

आज वॉर्डात मास्तरणीने हटकलं. "नळी हाताने का धरतेस? कान आणि पोट यांच्यामध्ये ती आपली आपण उभी राहिली पाहिजे. पुन्हा." मी म्हटलं, घसरते म्हणून धरली. ती म्हणाली, "जेवतेस का नीट? तोंड पांढरंफटक पडलंय." मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

घसरत नाही ती. माझं डोकं थरथरतं, म्हणून धरते.

घरी धाकटीचे ठोके फार सुंदर ऐकू आले. जलद आणि ठणठणीत, नळी बाजूला ठेवल्यावरही कानात घुमत राहिले. तिच्या मनगटावर नाडी संथ होती, म्हणजे शंकेला जागाच नाही. इतकं दणकट बाळ मी फार कमी ऐकलंय.

१३ तारीख, गुरुवार

काही झालं नाही. दिवसभर वाटत राहिलं, आता होईल.

१५ तारीख, शनिवार

सकाळी हे चहा पिता पिता म्हणाले, "तू झोपेत मोजतेस."

"काय मोजते?"

"मला काय माहीत. शंभराच्या पुढे गेलीस की मी कूस बदलतो." मग कप ठेवून म्हणाले, "थोडे दिवस रजा घे ना."

मी म्हटलं, धाकटीचं होऊ दे, मग घेते. यांना फ्रिज आणि मिक्सर दुरुस्त करायची सवय. बिघडलं की खोलायचं, भाग बदलायचा. मी म्हटलं, माझा भाग बाजारात मिळत नाही. हे हसले नाहीत. मला वाटतं त्यांच्या दुकानात सध्या कामाचा ताण आहे.

खरं सांगायचं तर मी रजा घेणार नाही, कारण एकदा घरी बसले तर पुन्हा त्या दारातून आत जायची हिंमत व्हायची नाही. हे यांना कसं सांगणार. वीसेक वर्षं ज्या दाराने मी खुशाल गाणं गुणगुणत आत जायचे, त्याच दारापाशी आता मला उगाच बुटाची नाडी बांधायला वाकावं लागतं.

१७ तारीख, सोमवार

संध्याकाळी धाकटी म्हणाली, "आज हा जरा आळशी झालाय. लाथा मारतच नाहीये म्हणा ना."

हातातली पिशवी तशीच टाकली आणि तिला आडवं केलं. गोड खाल्लंस का, डाव्या कुशीवर पडून बघितलंस का, सगळं विचारलं. तिने सगळं केलं होतं. ती म्हणाली, "दवाखान्यात जाऊन मशीनवर बघूया का? की मी उगाच घाबरतेय?"

नळी लावली. आधी माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की काही कळेना. मग लागले ठोके. भरधाव, पण स्पष्ट. मनगट पाहिलं, तिची नाडी वेगळी. खात्री करायला जागा बदलून ऐकलं, तिथेही तेवढेच जोरात. कुठेही नळी ठेवा, ऐकू येतायत. मी म्हटलं, "अगं, घोड्यासारखा पळतोय. झोपला असेल मघाशी. आता तूही झोप."

"नक्की ना ताई?"

"मी सांगतेय ना."

तिने माझा हात गालाशी धरला. म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर ठीकच असेल. माझं मेलं मनच वाईट." ती वर गेली. मला फार हलकं वाटलं. आज मी जेवले सुद्धा.

१८ तारीख, मंगळवार

हे मी बाळांच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वाईट येतंय. क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी एक बाई आली, नवरा सोबत. दिवस भरत आलेले. कालपासून बाळ हलत नाही म्हणाली. मशीन दुसऱ्या खोलीत अडकलं होतं. मी म्हटलं, येईपर्यंत मी ऐकते. नळी लावली, तिचं मनगट धरलं, आणि ठोके लागले. मी मान वर करून म्हटलं, "आहेत. ठोके आहेत."

ती रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. तिच्या नवऱ्याने माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो बाहेर पळाला, तिच्या आईला फोन करायला.

मग मशीन आलं. मास्तरणीने ते पोटावर फिरवलं. खरखर, आणि बाकी काही नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ दिसलं, त्याच्या छातीत काहीच हलत नव्हतं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बराच वेळ झाला असावा." ती बाई डॉक्टरांकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "यांनी ऐकलंय. यांना विचारा."

मी म्हटलं, "मी ऐकलंय."

मास्तरणीने मला दंडाला धरून शेजारच्या खोलीत नेलं. दार लावलं. नळी टेबलावर उभी केली, लाकडी टेबलावर, आणि म्हणाली, "ऐक."

"बाई, टेबल आहे हे."

"ऐक."

मी कान लावला. ठोके होते. जलद, ठणठणीत, घोड्यासारखे.

तिने माझं मनगट धरलं आणि बोटाने टेबलावर माझी नाडी वाजवून दाखवली. दोन्ही एकच. ती म्हणाली, "किती दिवस?" रागावली असती तर बरं झालं असतं. मला इतकंच सुचलं, की काल संध्याकाळी मी धाकटीला झोप म्हणून सांगितलंय.

धाकटीला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. घरचा फोन सासूबाईंनी उचलला.

"आई, धाकटीला ताबडतोब इकडे पाठवा."

"ती वर पडलीय. काल तूच म्हणालीस ना, झोप म्हणून."

"उठवा तिला, आई. हालचाल आहे का विचारा."

"ओरडू नकोस, फोनवर मला ऐकू येतं." मग म्हणाल्या, "काय झालंय गं?"

मी यांच्या दुकानात फोन लावला. हे दुकान उघडं टाकून निघाले आणि दुरुस्तीचं सामान वाहायच्या गाडीतून तिला घेऊन आले. ती मागे, कोणाच्या तरी फ्रिजशेजारी, दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. मला बघून म्हणाली, "कालपासून नाहीच हलला, ताई. पण तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी थांबले."

मशीन मी लावलं नाही. मला तिकडे बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. खरखर, खरखर, आणि मग ठोका. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा ठोका. इतका संथ की प्रत्येक वेळी वाटावं, हा शेवटचा. मास्तरीण ओरडली, "थिएटर." सगळे धावले. मला कोणी बोलावलं नाही. धाकटी जाताना मान वळवून माझा चेहरा शोधत होती.

मुलगी झाली. रडली नाही, तिला रडवावं लागलं. काचपेटीत ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, वारेतून तिला बरेच दिवस पुरेसं पोचतच नव्हतं, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. पुढचं आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.

मी काचेतून बघतेय. तिची छाती खालीवर होतेय. एवढ्यावर मी विश्वास ठेवू का, मला माहीत नाही.

१९ तारीख, बुधवार

त्या दुसऱ्या बाईला भेटायला गेले. तिचं बाळंतपण काल संध्याकाळी झालं, मास्तरणीने केलं. मी म्हटलं, चूक माझी झाली. जे ऐकलं ते माझ्याच छातीतलं होतं. ती भिंतीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "म्हणजे आम्ही इथल्या पायऱ्या चढत होतो, तेव्हा ते गेलेलंच होतं."

मी हो म्हटलं.

"यांनी माझ्या आईला फोन करून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तिचे कालपासून फोन येतायत. आमच्यात कोणाची उचलायची छाती होत नाहीये." मग तिने तोंड वळवलं. "तुम्ही सांगा तिला."

मी व्हरांड्यात जाऊन फोन केला. पलीकडून आधी आनंदाने आवाज आला. पुढचं लिहीत नाही. एवढंच लिहिते, की माझा आवाज या वेळी फुटला, आणि त्या म्हातारीलाच मला सांगावं लागलं, "रडू नका बाई, नीट सांगा."

२० तारीख, गुरुवार

मास्तरणीने रजेवर पाठवलं. म्हणाली, डॉक्टरांना दाखव, छातीच्या नाही, मनाच्या. आणि म्हणाली, "मला दिसत होतं आणि मी नुसतं पुन्हा, पुन्हा म्हणत बसले." पहिल्यांदाच तिने माझ्यापुढे खाली बघितलं. मला ते बघवेना.

२३ तारीख, रविवार

घरात मी देव झालेय. सासूबाई गल्लीत सगळ्यांना सांगतात, "हिच्या मनात तिकडे कामावर पाल चुकचुकली आणि हिने फोन केला, म्हणून पोर वाचली." भाऊजी आले, माझ्यासमोर उभे राहून नुसते हात जोडले. मी म्हटलं, "अहो, काय हे." तेवढंच म्हटलं. पुढे खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

यांना माहीत आहे, मी सांगितलंय. हे म्हणाले, "पोर वाचली ना. आता कशाला उकरायचं?" सोपं आहे तसं. कोणीच विचारत नाहीये. मास्तरीण बोलणार नाही, ती बाई आमच्या घरी येणार नाही.

आधी भीती वाटायची की काहीतरी वाईट होईल. आता वाटते ती वेगळीच, की काहीच होणार नाही. मी अशीच कौतुक घेत म्हातारी होईन, आणि धाकटीच्या पुढच्या खेपेला हीच बया पुन्हा म्हणेल, तुमचाच चेहरा हवा.

२७ तारीख, गुरुवार

आज मुलगी घरी आली. काचपेटीतून बाहेर काढून दोन दिवस झाले, दूध ओढतेय. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, पण बरी आहे.

दुपारी सगळे खाली जेवायला बसले तेव्हा मी वर गेले. धाकटी पलंगावर, पोर तिच्या कुशीत. ती म्हणाली, "या ताई, घ्या ना हिला." मी घेतलं नाही. दाराशी उभी राहूनच सगळं सांगितलं. टेबल, नळी, घोडा, सगळं. सांगताना छाती इतकी धडधडत होती की माझे शब्द मलाच नीट ऐकू येत नव्हते. शेवटी म्हटलं, "तू मशीनवर बघूया म्हणत होतीस. मी तुला झोपवलं. मी वाचवलं नाही हिला. मी घालवत होते."

ती पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, जा इथून. म्हणाली असती तर मी गेले असते.

मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही घाबरलायत ते. नळी लावली की तुमचं डोकं माझ्या पोटावर थरथरायचं, ताई. पहिल्या दिवसापासून. मला कळायचं सगळं. त्या सोमवारी तर तुमचे दात वाजत होते." तिचे डोळे भरले, पण आवाज रागाचा होता, आणि तो राग मला हवा होता. "मी बोलले नाही. म्हटलं, मी विचारलं आणि तुम्ही हो, घाबरलेय म्हणालात, तर मग माझं कोण? म्हणून तुम्ही झोप म्हणालात तर मी झोपले. माझं पोट मला सांगत होतं आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत होते."

मी म्हटलं, "मला रागाव."

"रागावलेच आहे. इतक्यात जाणार नाही तो. रोज थोडा थोडा काढणार आहे." तिने नाक पुसलं. "पण यापुढे भीती वाटली की मला सांगायचं. मला वाटली की मी सांगेन. लपवायचं नाही, दोघींनीही."

खाली सासूबाई कोणाला तरी पुन्हा तीच गोष्ट सांगत होत्या, मोठ्याने, माझ्या नावाने. धाकटी म्हणाली, "त्यांनाही तुम्हीच सांगायचंय. पण आज नको, आज त्यांना जेवू दे."

पोर कुशीत हलली. मी नकळत वाकले, कान तिच्या छातीकडे गेला, आणि मी तिथेच थांबले. धाकटी बघत होती.

मी म्हटलं, "मला आत्ता फार भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली, आणि पलंगावर सरकून तिने मला जागा केली.